किंग्ज लोमेशिया आणि मॉजियन स्केट: एकाच मुलखातली दोन संकटं

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला मेलालूका नावाचं ठिकाण आहे. तिथवर अजूनही गाडीरस्ता नाही. छोट्या विमानानं जायचं, समुद्रातून बोटीनं जायचं, नाहीतर कित्येक दिवस चालत. डेनी किंग (१९०९–१९९१) या कथिल काढणाऱ्या माणसानं आयुष्याचा मोठा भाग तिथं घालवला. खाणकाम हे पोटासाठी, पण पक्षी, झाडं आणि हवामान यांवर त्याची नजर कायम असे. १९३४ साली कॉक्स बाइटजवळ त्याला गुलाबी-लाल फुलांचं एक अनोळखी झुडूप दिसलं. तिथली झाडं पुढे नाहीशी झाली. १९६५ साली त्याच मुलखात त्याला दुसरी जागा सापडली, त्यानं नमुने पाठवले आणि १९६७ साली वनस्पतिशास्त्रज्ञ विनिफ्रेड कर्टिस यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. लोमेशिया टास्मानिका हे त्याचं शास्त्रीय नाव. रूढ नाव किंग्ज लोमेशिया.

मेलालूकाच्या धक्क्यावरून बोट सोडली की पाणी थेट बॅथर्स्ट हार्बरला जाऊन मिळतं. १९८८ साली याच बॅथर्स्ट हार्बरमध्ये ग्रॅहम एडगर या सागरी शास्त्रज्ञाला एक चपटा मासा मिळाला. कोकणात ज्याला आपण पाकट म्हणतो त्याच घडणीचा, पण शेपटीला विषारी काटा नसलेला आणि पिल्लांऐवजी अंडी घालणारा. अशा माशांना स्केट म्हणतात. या स्केटला शास्त्रीय नाव मिळायला २००७ साल उजाडलं. पीटर लास्ट आणि डॅनियल ग्लेडहिल यांनी ते दिलं. मॉजियन स्केट हे त्याचं रूढ नाव.

म्हणजे एक फुलझाड आणि एक पाकट, दोन्ही विसाव्या शतकात माणसाला माहीत झालेली, दोन्ही एकाच ओल्या, वाऱ्यानं झोडपलेल्या मुलखातली, दोन्ही ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय धोकाग्रस्त यादीत. यादीतल्या पायऱ्या पाहिल्या तर झुडूप ‘अतिसंकटग्रस्त’ आणि मासा ‘संकटग्रस्त’, म्हणजे झुडपाची अवस्था अधिक बिकट. मला मात्र वाटतं की या दोघांची तुलना यादीवरून केली तर हाती काहीच लागत नाही. झुडपाचा धोका त्याच्या पेशींत भरलेला आहे आणि तो आपण काढू शकत नाही. माशाचा धोका पाण्यात आहे, मोजता येतो, कमीही करता येतो. तरीही झुडपाबाबत सगळ्यांचं एकमत झालं आणि माशाबाबत संसदेत कायदा बदलावा लागला. हे असं का झालं, त्याचा हा अभ्यास.

बी न धरणारं झाड

लोमेशिया हे प्रोटिएसी कुळातलं. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला आणि चहा-कॉफीच्या मळ्यांत लावलेला सिल्व्हर ओक याच कुळातला. किंग्ज लोमेशिया सरळ वाढतं, काही झाडं आठ मीटरपर्यंत जातात. पानं गडद, चकचकीत, कडुनिंबासारखी विभागलेली. फुलं येतात, पण दरवर्षी नाही. आणि आली तरी फळ धरत नाही. आजवर कुणालाही याचं बी मिळालेलं नाही.

कारण गुणसूत्रांत आहे. याच्या जवळच्या भाऊबंदांच्या पेशीत २२ गुणसूत्रं असतात, म्हणजे ११ चे दोन संच. किंग्ज लोमेशियात ३३ आहेत, तीन संच. परागकण आणि बीजांड तयार होताना संचांची समान वाटणी व्हावी लागते. तिनाची वाटणी होत नाही, म्हणून बी होत नाही. जळगावच्या केळीच्या बागायतदाराला हे नव्यानं सांगायला नको. आपली खायची केळीही तीन संचांचीच, म्हणून बिनबियांची, आणि म्हणूनच बाग मुनव्यांवर उभी राहते. लोमेशियाचंही तसंच. मुळांतून धुमारे फुटतात, फांदी मोडून ओल्या जमिनीवर पडली की मुळं धरते आणि नवं झाड उभं राहतं.

१९९८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात वेगवेगळ्या खोडांचे नमुने तपासले गेले आणि त्यांत काहीच फरक आढळला नाही. साधारण सव्वा किलोमीटरच्या पट्ट्यात पसरलेली पाच-सहाशे खोडं म्हणजे एकच झाड. ज्याला आपण ‘प्रजाती’ म्हणतोय ती एका व्यक्तीपुरती उरलेली आहे. या पट्ट्यापासून आठ-साडेआठ किलोमीटरवर पानांचे जीवाश्म तुकडे सापडले, त्यांचं वय किमान ४३,६०० वर्षं निघालं. ते तुकडे याच झाडाचे असतील, आणि त्यांची रचना तशी जुळते, तर हे झाड गेल्या हिमयुगाच्या ऐन कडाक्याआधीपासून स्वतःचीच नक्कल करत आलेलं आहे. एकेका खोडाचं आयुष्य तीनेकशे वर्षांचं मानतात.

बुद्धीला हे अचंबित करतं, पण संवर्धनाच्या दृष्टीनं याचा अर्थ कठोर आहे. रोग आला तर पाचशे खोडांपैकी एखादं त्याला दाद देणार नाही अशी आशा इथं नाही, कारण सगळ्यांची प्रतिकारशक्ती तंतोतंत तीच. तो रोग कोणता असू शकतो हेही ठाऊक आहे. फायटॉफ्थोरा सिनामोमी नावाचा मुळं कुजवणारा जीव मातीतून, बुटांच्या तळव्यांना चिकटलेल्या चिखलातून पसरतो. प्रोटिएसी कुळातली बरीच झाडं त्याला बळी पडतात आणि टास्मानियाच्या याच भागात तो काही ठिकाणी पोहोचलेला आहे. दुसरा धोका आगीचा. २०१९ च्या जानेवारीत पावसाविना पडलेल्या विजांनी टास्मानियाच्या रानात मोठ्या आगी लावल्या. अशा कोरड्या विजा गेल्या काही दशकांत वाढल्या आहेत. सव्वा किलोमीटरचा पट्टा जळायला एक दुपार पुरे.

उपाय काय झाले? पट्ट्याकडे जाण्यावर बंधनं आली, त्या भागात फिरणाऱ्यांनी बूट घासून धुवायचे असा शिरस्ता पडला, आणि होबार्टच्या रॉयल टास्मानियन बोटॅनिकल गार्डन्सनं १९९४ पासून छाट्या रुजवायचं आणि नातलग लोमेशियांच्या खुंटावर कलमं बांधायचं काम हाती घेतलं. काम चिवट आहे, छाट्या सहज धरत नाहीत. पण यातल्या कोणत्याही उपायानं कुणाचा रोजगार गेला नाही. कुणाला काही सोडावं लागलं नाही. झाडाच्या बाजूनं उभं राहायला कुणालाच अडचण नव्हती.

तीन थरांचं पाणी

मासा सापडला बॅथर्स्ट हार्बरमध्ये, पण तिथं तो मोजकाच मिळाला आणि गेल्या कित्येक वर्षांत एकही जिवंत स्केट तिथं पकडला गेलेला नाही. पाण्यात त्याच्या डीएनएच्या खुणा तेवढ्या आढळल्या. आज जो काही मॉजियन स्केट आहे तो पश्चिम किनाऱ्यावरच्या मॅक्वारी हार्बरमध्ये. या प्रकरणाचा सगळा गुंता या खाडीच्या घडणीत आहे, म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी.

मॅक्वारी हार्बर सुमारे ३१५ चौरस किलोमीटरचा आहे, पण समुद्राकडे उघडणारं त्याचं तोंड अगदी अरुंद आणि उथळ. १८२२ ते १८३३ मध्ये आतल्या सारा बेटावर ब्रिटिशांची कैद्यांची वसाहत होती. या तोंडाला नाव पडलं हेल्स गेट्स, नरकाचे दरवाजे. आत गॉर्डन आणि किंग या नद्या येतात. त्यांचं पाणी पालापाचोळ्याच्या अर्कानं चहाच्या रंगाचं झालेलं. हे गोडं पाणी हलकं, म्हणून वर तरंगतं. खाली मचूळ पाणी, आणि तळाशी समुद्राचं जड, खारं पाणी. गडद वरच्या थरामुळे उजेड खाली पोहोचत नाही, त्यामुळे खाली शेवाळ-वनस्पती ऑक्सिजन तयार करत नाहीत. थर एकमेकांत सहजी मिसळत नाहीत, म्हणून हवेतला ऑक्सिजनही खाली उतरत नाही. तळच्या पाण्याला नवा श्वास मिळतो तो मुख्यतः समुद्राचं ताजं पाणी तोंडावरच्या उंबऱ्यावरून आत घुसतं तेव्हा. नद्यांचा लोंढा जोरात असला की ते घुसत नाही.

अशा पाण्यात राहायला शिकलेला हा मासा आहे. जगातल्या स्केटच्या जाती बहुतेक खऱ्या समुद्रातल्या. मचूळ पाण्यात आयुष्य काढणाऱ्या फार थोड्या. पूर्ण वाढलेला मॉजियन स्केटही मीटरभर भरत नाही. तो बहुतेक वेळ सहा ते बारा मीटर खोलीच्या आसपास असतो. वरचं गोडं पाणी मानवत नाही, आणि खूप खाली ऑक्सिजन नाही. राहण्याजोगी पट्टी मुळातच अरुंद होती.

माणसानं तिच्यावर कितीतरी बाजूंनी भार टाकला. क्वीन्सटाउनच्या माउंट लायल तांब्याच्या खाणीचा गाळ १९९४ पर्यंत नद्यांवाटे कोट्यवधी टनांनी इथं येत राहिला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस गॉर्डनवर आणि १९९२ मध्ये किंग नदीवर जलविद्युत केंद्रं सुरू झाली, त्यामुळे पाणी कधी किती सुटणार हे पावसाऐवजी विजेची मागणी ठरवू लागली. (गॉर्डन नदीवरचं आणखी एक धरण, फ्रँकलिन धरण, १ जुलै १९८३ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानं थांबलं. ऑस्ट्रेलियाच्या पर्यावरण चळवळीचा तो सर्वांत मोठा विजय मानला जातो. त्याच नदीच्या मुखाशी हा मासा आहे याची तेव्हा कुणाला कल्पनाही नव्हती.) आणि १९८० च्या दशकापासून सॅमन माशांचे पिंजरे आले.

२०१२ मध्ये पिंजऱ्यांच्या मोठ्या विस्ताराला मंजुरी मिळाली. पिंजऱ्यातल्या सॅमनचं न खाल्लेलं खाद्य आणि विष्ठा खाली जाते. ती कुजवणारे जिवाणू ऑक्सिजन खर्च करतात. जिथं ऑक्सिजन भरून येण्याचा वेग मुळातच मंद, तिथं हा खर्च जड जातो. विस्ताराच्याच काळात खोल पाण्यातल्या ऑक्सिजनचं मोजमाप घसरत गेलं. २०१६ च्या सुमारास पिंजऱ्यांच्या एका पट्ट्याखालचा तळ जवळपास निर्जीव झाल्याचं दिसलं आणि तो पट्टा रिकामा करायचा आदेश निघाला. मग किती टन मासा ठेवायचा याची मर्यादा उतरवत नेली. २०१७ च्या सुरुवातीला १४,००० टन, त्याच वर्षी १२,०००, २०१८ मध्ये ९,५००.

२०१९ मध्ये काय घडलं ते या प्रकरणात माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं आहे. शास्त्रज्ञांनी काही स्केटना ध्वनिलहरी सोडणारे टॅग लावले होते, त्यावरून मासा किती खोलीवर आहे, हलतोय की नाही हे कळत होतं. त्या वर्षी दोन मोठ्या वादळी घडामोडी झाल्या. समुद्राचं पाणी आत लोटलं गेलं आणि तळाशी साचलेलं ऑक्सिजनहीन पाणी वर ढकललं गेलं, नेमकं स्केट राहतात त्या खोलीपर्यंत. टॅग लावलेल्या माशांपैकी जवळपास निम्मे मेले. एरवी ताजं पाणी आत येणं ही खाडीसाठी चांगली गोष्ट. पण तळ इतका बिघडलेला असला की तेच ताजं पाणी खालचं मरण वर उचलून आणतं. २०१४ ते २०२१ या काळात सर्वेक्षणात मिळणाऱ्या स्केटचं प्रमाण ४७ टक्क्यांनी घटलं.

मोठा मासा निदान वर सरकू तरी शकतो. अंडं सरकू शकत नाही. स्केट चामडी पिशवीसारख्या कोषात अंडं घालतो, ते तळावर पडतं आणि पिल्लू बाहेर यायला महिनोन्‌महिने लागतात. तेवढा काळ त्याच्या भोवतालचं पाणी श्वास घेण्याजोगं राहिलं पाहिजे. आयुष्याच्या या टप्प्यात हा मासा झाडाइतकाच जागेला खिळलेला असतो, पण झाडाकडे आहे तो तीनशे वर्षांचा अवधी त्याच्याकडे नाही.

कुंडी आणि टाकी

डिसेंबर २०२३ मध्ये टास्मानिया विद्यापीठाच्या मरीन अँड अंटार्क्टिक स्टडीज संस्थेनं खाडीतून चार मोठे स्केट आणि काही अंडी उचलून टाक्यांत आणली. चारपैकी दोन मासे थोड्याच दिवसांत दगावले. संशोधकांनी नेट धरला, उरलेल्यांतल्या मादीनं अंडी दिली, आणि २०२४ च्या जुलैमध्ये टाकीतच घातलेल्या अंड्यातून पहिलं पिल्लू बाहेर आलं. जगात हे पहिल्यांदाच झालं. या कामाबद्दल मला नितांत आदर आहे.

तरीही वनस्पती उद्यानातली कुंडी आणि ही टाकी एकाच मापानं मोजली जातात, तिथं माझा आक्षेप आहे. लोमेशियाच्या बाबतीत कुंडीतलं कलम म्हणजे रानातलं झाडच. जनुकांत तसूभर फरक नाही, कारण फरक असायला दुसरं झाडच नाही. कुंड्या वेगवेगळ्या गावी ठेवल्या की एका आगीनं सगळं संपण्याचा धोका खरोखर कमी होतो. रान जळालं तरी प्रजाती राहते. हे त्या झाडाचं दुर्दैवातलं सुदैव.

स्केट असा नाही. तो नर-मादीतून, जनुकांच्या सरमिसळीतून पुढे जातो. मोजक्या माशांपासून वाढवलेली पिल्लं म्हणजे खाडीतल्या साऱ्या वैविध्याचा एक तुकडा. आणि पिल्लं वाढवून सोडायची कुठं? ज्या पाण्यात अंडी गुदमरली त्याच पाण्यात सोडली तर पुढचा प्रकार तोच.

बंदिस्त पैदाशीला माझा विरोध आहे असं नाही. मेलालूकातच तिचं चांगलं उदाहरण आहे. ऑरेंज-बेलीड पॅरट हा छोटा पोपट फक्त त्याच भागात वीण करतो. २०१६ च्या हंगामात तिथं परतलेल्या पक्ष्यांची संख्या विसाच्या आत आली होती. दरवर्षी पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडत गेले आणि पुढे परतणाऱ्यांची संख्या सत्तर-ऐंशीवर गेली. हे जमलं कारण मेलालूकाचं विणीचं रान शाबूत आहे. मॅक्वारी हार्बरच्या तळाबद्दल तसं म्हणता येत नाही. तिथं टाकी वेळ मिळवून देते. मिळालेल्या वेळात पाणी सुधारलं तरच तिचा उपयोग.

मतपेटीच्या तोंडाशी

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या संवर्धन सल्ल्यानं पाण्यातला घटलेला ऑक्सिजन हा मुख्य धोका आणि सॅमनपालन हे त्यामागचं मोठं कारण असल्याचं स्पष्ट नोंदवलं. पर्यावरण संघटनांनी २०१२ च्या मंजुरीचा फेरविचार मागितला आणि तत्कालीन पर्यावरणमंत्री टान्या प्लिबरसेक यांनी ती प्रक्रिया सुरू केली. फेरविचार रेंगाळला. मार्च २०२५ च्या अखेरीस, सार्वत्रिक निवडणूक जाहीर होण्याच्या दोन-तीन दिवस आधी, सरकारनं विरोधी पक्षाच्या पाठिंब्यानं पर्यावरण कायद्यात दुरुस्ती करून असा फेरविचार करण्याचा मंत्र्यांचा अधिकारच अशा प्रकरणांपुरता काढून घेतला. त्या दिवशी ग्रीन्स पक्षाच्या सिनेटर सारा हॅन्सन-यंग यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला मेलेला सॅमन सभागृहात उंचावून दाखवला. बातम्यांत तोच गाजला, स्केट मागे पडला.

स्ट्रान हे खाडीकाठचं काही शे वस्तीचं गाव आहे. खाण मंदावलेल्या पश्चिम किनाऱ्यावर सॅमनची नोकरी म्हणजे घराचा हप्ता आणि मुलांची शाळा. तिथल्या माणसाला ‘मासा वाचवायचा आहे, तू जा’ असं सांगणं अन्यायाचं आहे. पण कंपन्या तीन आहेत आणि तिन्हींची मालकी आता परदेशी आहे. कामगारांना दुसरीकडे सामावून घ्यायचा, नुकसानभरपाईचा, टप्प्याटप्प्यानं पिंजरे हलवायचा खर्च कुणी उचलायचा हा प्रश्न टेबलावर मांडायला हवा होता. तो न मांडता कायदा बदलला गेला. मला या प्रकरणातलं सर्वांत मोठं अपयश हे वाटतं.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच विद्यापीठाच्या अहवालात २०२४ च्या सर्वेक्षणात स्केटचं प्रमाण पुन्हा २०१४ च्या पातळीजवळ आल्याचं दिसलं, लहान वयाचे मासेही मिळाले. उद्योगानं यावरून ‘बघा, एकत्र नांदता येतं’ असा निष्कर्ष काढला. मी ते आकडे वेगळे वाचतो. टनांची मर्यादा निम्म्याच्या आसपास आणल्यानंतरच्या काळात पाण्यातला ऑक्सिजन काही प्रमाणात सुधारला आणि त्यामागोमाग मासा सावरताना दिसतो आहे. याचा अर्थ भार कमी केला की खाडी प्रतिसाद देते. पण २०१९ सारखं एक वादळ ती सगळी कमाई एका आठवड्यात नेऊ शकतं, म्हणून आत्ता भार आणखी उतरवायची वेळ आहे. बार्जवरून ऑक्सिजन मिसळलेलं पाणी खोलवर सोडण्याचा प्रयोगही हाती घेतला गेला आहे. तोही टाकीसारखाच, वेळ मिळवण्याचा उपाय.

पुढची काही वर्षं मी तीन गोष्टींकडे लक्ष ठेवून राहीन. वादळानंतरच्या आठवड्यांत स्केटच्या खोलीवर ऑक्सिजन किती राहिला. सॅमनच्या पिंजऱ्यांवरची मर्यादा खाली गेली की वर. आणि गॉर्डनचं पाणी सोडताना वीज मंडळ खाडीत समुद्राचं पाणी शिरायच्या ऋतूचा विचार करू लागतं का. टाकीत किती पिल्लं झाली हा आकडा बातमीत सर्वांत वर येईल, पण तो चौथा. लोमेशियासाठी मात्र तोच आकडा पहिला: किती कुंड्या, किती वेगवेगळ्या गावी, आणि त्या पट्ट्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाचे बूट स्वच्छ आहेत का.